ऐरोलीला गेलो फ्लेमिंगो बघायला आणि बसलो माशांचे जबडे बघत

फ्लेमिंगोंचं फार काही सांगत नाही. बोट गच्च भरलेली, पक्षी लांब, आणि सेल्फीवाल्यांच्या कोपरांमधून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. ठाण्याची खाडी २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली वगैरे सगळं मान्य, पण निवांतपणा हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरकू नका.

मित्र ऐरोलीतच राहतो, म्हणाला जेवूनच जा. त्याची आई, म्हणजे काकू, झूलॉजी शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात आणि गॅलरीत कपड्यांच्या दांडीखाली ओळीने प्लास्टिकचे डबे मांडलेत. त्यात झेब्राफिश, ते पट्टेरी, कुठल्याही ॲक्वेरियमवाल्याकडे मिळतात तेच. रात्री नर-मादी मध्ये आडोसा घालून ठेवायचे, सकाळी उजेड झाला की आडोसा काढायचा, की लगेच अंडी.

"हात धुऊन ये आणि आधी हे बघ," म्हणत त्यांनी मला मायक्रोस्कोपला बसवलं. अंडी घातल्याला तीन दिवस झालेलं पिल्लू, अख्खं काचेसारखं, हृदय धडधडतंय, रक्ताचे ठिपके पळतायत, आणि दोन मोठ्या डोळ्यांच्या खाली नुकतीच फट पडलेली. तेच तोंड. मग दुसऱ्या काचेवर त्याच्याहून दोन दिवस मोठं. त्याचा खालचा जबडा चांगला पुढे आलेला आणि उघडमीट, उघडमीट चाललेली. मी किती वेळ बघत होतो देव जाणे, मित्र दोनदा हाक मारून गेला.

मग तोंड उघडेपर्यंत हे खातं काय? "डबा पोटात घेऊनच येतात रे," काकू म्हणाल्या. पोटाखालचा बलक. तो आठवड्याभरात संपतो, त्याच्या आत शिकार जमली पाहिजे. जबडा तेव्हा हाडाचा नसतोच, नुसती कूर्चा, हाड नंतर धरतं. आणि जबड्यावर दात नाहीत ते नाहीतच, दात घशात! रोहू-कटल्याचंही तसंच म्हणे. इतकी वर्षं रोहू खातोय, कधी लक्ष गेलं नाही.

तोंड एवढंसं, म्हणून आधी पॅरामेशियम, म्हणजे पाण्यातले एकपेशीय जीव, आणि आर्टेमिया, ते खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके किडे, नंतर. वेळेत खाणं नाही मिळालं तर एका टप्प्यानंतर समोर ठेवलं तरी पिल्लाच्यात खायची ताकद उरत नाही. समुद्रात एखाद्या वर्षी मासळी कमी का होते याचं कारण इथेच असावं, पिल्लांच्या पहिल्या घासात, असं नॉर्वेच्या योहान योर्ट या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडलं होतं. आपला जिताडा तर त्याहून भारी, जरा तोंड मोठं झालं की सख्ख्या भावंडांनाच गिळतो, म्हणून हॅचरीत लहान-मोठी पिल्लं सारखी वेगळी करत बसावं लागतं. हे सगळं ऐकत जेवायला साडेतीन वाजले, पण कोळंबीचं कालवण असं की तक्रार नाही.

तक्रार काकांची होती. कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि पॅरामेशियम वाढवायला गव्हाचे दाणे उकडून घातलेल्या बाटल्या थेट त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पाहुणा, काय बोलणार, पण वास येतो हो खरंच.