सुरंगीच्या दिवसांत आजोळी

आमचं आजोळ वेंगुर्ला तालुक्यात, आरवलीच्या जवळ. लहानपणी दर वर्षी जायचो, पण जायचो ते मे महिन्यात. निकाल लागला की एसटीत बसायचं. त्यामुळे आंबे, फणस, करवंदं, जांभळं सगळं पोटभर मिळालं, सुरंगी फुललेली मात्र एकदाही पाहिली नाही. घरामागे तिचं मोठं झाड होतं. आम्ही त्याखाली खेळायचो आणि आमच्या लेखी ते नुसतं सावलीचं झाड होतं. सुरंगीचा वास मला ठाऊक होता तो आजीच्या पेटीतला. लुगड्यांच्या घड्यांमध्ये ती वाळलेले वळेसर ठेवायची. तपकिरी, हात लावला की चुरा होणारे, तरी घमघमणारे. (वळेसर म्हणजे गजरा, आमच्याकडे केसांत माळायचा तो वळेसरच.) पेटी उघडली की आई जवळ येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ही फुलते तेव्हा बघायला हवी गं तुम्ही."

लग्न होऊन पुण्याला आल्यापासून तिनेही ती फुललेली पाहिली नव्हती. सुरंगी फुलते साधारण माघ-फाल्गुनात, आणि फाल्गुन म्हणजे घरात कुणाची ना कुणाची वार्षिक परीक्षा. आधी आमच्या शाळा, मग बाबांचं आजारपण, मग माझ्या लेकीची शाळा. या वर्षीही परीक्षा होतीच. पण नवरा म्हणाला, "मी बघतो सगळं, तुम्ही दोघी जा." दोन भाज्या करून ठेवल्या, कणीक मळून ठेवली, लेकीला चार वेळा तेच ते बजावलं आणि पहाटे गाडी काढली.

निपाणीपर्यंतचा हमरस्ता नेहमीसारखाच. उत्तूर-आजऱ्याच्या वाटेला लागलो आणि वसंत खरा दिसायला लागला. पळस, पांगारा आणि काटेसावर, तिघांवरही पान नाही आणि तिघंही लाल. पण तीन वेगळे लाल. पळसाचा केशरी आगीसारखा, पांगाऱ्याचा शेंदरी-तांबडा, आणि सावरीची फुलं तर मूठभर मोठी, जाड पाकळ्यांची. एका सावरीवर मैना, साळुंक्या, बुलबुल यांचा एवढा कालवा चालला होता की गाडी बाजूला घेतली. पाखरांनी हिसकलेली फुलं टपटप खाली पडत होती. आईने एक उचललं, हातात तोललं आणि म्हणाली, "हे फूल नाही, ही उशी आहे."

खरंच होती. चैत्र-वैशाखात सावरीची बोंडं फुटली की आजी तो रेशमासारखा कापूस गोळा करायची. उडून जाऊ नये म्हणून माजघराचं दार लावून घ्यायची आणि आई आणि मामा दोघांना आत कोंडून सरकी वेगळी करायला बसवायची. बाहेर आल्यावर दोघांच्या भुवया पांढऱ्या. हे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. घरी सांगायला तिला कधी ते फूल हातात मिळालं नव्हतं, एवढंच.

आंबोली आपल्याला माहीत असते ती धुक्यातली, धबधब्यांची. वर्षाला 7000 मिलिमीटरहून जास्त पाऊस तिथे पडतो. मार्चमध्ये तिथे गर्दी नव्हती आणि धबधब्याच्या जागी कोरडा काळा कातळ होता. पण घाटमाथ्यावर अंजनी फुलली होती. तिची इवली निळी-जांभळी फुलं फांद्यांना लगटून येतात, जणू कुणी काड्यांना निळा रंग चोपडलाय. आई त्या झुडपांपाशी बराच वेळ उभी होती. तिथून पुढे सावंतवाडीपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा उतार आणि मग घर.

घरी पोचलो तेव्हा मामी अंगणात ओले काजू फोडत बसली होती. आईने हातपाय धुतले, न सांगता खोबरेल तेलाची बाटली शोधली, हाताला तेल चोळलं आणि मामीच्या शेजारी बसली. काजूच्या सालातला डीक हाताची कातडी सोलतो, म्हणून हे तेल. पुण्यात आईला बाटलीचं झाकण उघडायला मी लागते. इथे तिची बोटं भराभर चालत होती. रात्री ओल्या काजूची उसळ, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. जेवताना तिने मामाला विचारलं, "उद्या किती वाजता?" मामा म्हणाला, "पाचांक."

पाचाला अंधारच होता. मागचं दार उघडलं आणि वास आला. या वासाचं वर्णन करायचा मी तेव्हापासून प्रयत्न करते आहे. पेटीतला वास हा त्याचा सांगाडा होता म्हणा. हा गोड होता, पण मोगऱ्यासारखा हलका नाही. मधासारखा दाट, थोडा मसाल्याच्या अंगाने जाणारा, आणि झाडापाशी जावं तसा वाढत न जाता सगळीकडे सारखाच भरलेला. आई पायरीवर थांबली होती. मी तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला आणि पुढे गेली.

सुरंगीचं फूल फांदीच्या टोकाला येत नाही. पानांच्या मागे, जुन्या जाड फांद्यांवर कळ्यांचे झुबके लागतात, वाटाण्याएवढ्या गोल कळ्या. त्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, कारण उमललेलं फूल ओवता ओवता विस्कटतं. म्हणून ही घाई. मामाने खाली चादर पसरली, शिडी लावली. आईने साडीचा पदर खोचला.

"ताय, तू खालीच रव," मामा म्हणाला.

"माका चडाक येता," आई म्हणाली. ती अडुसष्ट वर्षांची आहे. मी काही बोलले नाही, शिडी घट्ट धरून ठेवली. तीन पायऱ्या चढली आणि तिथूनच हाताला येतील तेवढ्या कळ्या तिने काढल्या. पुण्यात आई मालवणी बोलत नाही. इथे तिचा आवाजही बदलला होता, थोडा वरच्या पट्टीतला, मुलीचा.

उजाडलं तशी झाडात गुणगुण सुरू झाली. आधी एकदोन, मग शेकडो मधमाश्या. ऊन वरच्या फांद्यांवर आलं तेव्हा सगळं झाडच वाजत होतं. तोवर आमच्या दोन परड्या भरल्या होत्या.

मग ओटीवर बसून ओवणं. सुईदोरा, मांडीवर सूप, आणि मधे चहाचे कप. आई आणि मामी बोलत होत्या ते सगळं रोजचंच: विहिरीचं पाणी किती खाली गेलं, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आज करायची की उद्या, शिमग्याला कोण कोण आलं. हातातल्या कळ्या बोलण्याबरोबर उमलत होत्या. ओवायला घेतली तेव्हा मिटलेली कळी चार पाकळ्या उघडून पिवळे केसर दाखवायला लागायची. माझा वळेसर वाकडातिकडा झाला. मामीने तो उसवला नाही, तसाच माझ्या केसांत माळला.

मामा मधूनच सांगत होता, की उंडी आणि नागचाफा हे सुरंगीचे भाऊबंद. त्याच्या लहानपणी घरात उंडीच्या तेलाचा दिवा असायचा, तेव्हा या एका घराण्याचा उजेडही घरात होता आणि वासही. सुरंगी फार सावकाश वाढते, फुलावर यायला कितीतरी वर्षं घेते. हे झाड पणजोबांनी लावलेलं. मामाने कुंपणाच्या कडेला दोन रोपं लावली आहेत, अजून गुडघ्याएवढी. त्याला नुकतीच साठी लागली.

दुपारी एक वळेसर आजीच्या फोटोला घातला. पेटी अजून तिथेच आहे. आता त्यात मामीच्या साड्या असतात आणि त्यांच्या घडीत याच झाडाची वाळलेली फुलं.

परतताना मामीने वाळवलेल्या कळ्यांची पुरचुंडी दिली. आईने ती बॅगेत ठेवली नाही, आंबोलीचा घाट चढेपर्यंत हातातच धरून होती.

पुण्याला आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिने मामाला फोन लावला. कुकर चढवलेला, लेकीचा डबा भरायचा बाकी. मामा म्हणाला, झाडाखालीच आहे, थांब. त्याने फोन वर धरला असावा. आईने स्पीकर लावला, मग हात लांब करून कुकरखालचा गॅस बंद केला, आणि आम्ही तिघी ओट्यापाशी माश्यांची गुणगुण ऐकत उभ्या राहिलो.