मामा, हात लावू नको!

सांगोल्याचा मामा आठवडाभर आमच्याकडे ठाण्यात होता. तलावपाळी, मिसळ, एक मॉल, सगळं झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते रविवारच्या बेलापूरबद्दल.

मैत्रिणीचा मेसेज आला की तिथे एका छोट्या हॉलमधे दोराची शिल्पं लागलीयेत. म्हटलं चला. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली, ती तुर्भ्याला लटकली, आणि बेलापूरला उतरताना रेटारेटीत माझ्या सॅकचा पट्टा तुटला. बाहेर रिक्षावाले मीटरचं नाव काढेनात. मे महिन्यात भर दुपारी बेलापुरात चालत जाऊ नका, मी गेलो, मूर्ख आहे.

हॉलमधे एसी होता, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कला फारच आवडली. मधोमध छतापासून सात-आठ फुटांची एक बाई लटकत होती, बाई की झाड ते कळत नव्हतं, काथ्या, सुतळी आणि पांढरट वाख, गाठीवर गाठ, पोटाशी केळफुलासारख्या जाड घड्या आणि खाली पायांच्या जागी नुसती मोकळी टोकं. मी ‘वा’ म्हणेपर्यंत मामाने सरळ जाऊन एक टोक चिमटीत धरलं आणि उलगडून बघायला लागला. गार्ड ओरडला. सगळे वळून बघायला लागले. आणि मी, खरं सांगतो, दोन पावलं मागे सरकलो, म्हणजे हा माणूस माझ्याबरोबर नाहीच असा.

मामा शांत. “आरं घायपाताचा वाख हाय ह्यो. पर पीळ चुकलाय.”

कोपऱ्यातून शिल्पकार मुलगी उठून आली. मला वाटलं आता झाडणार. तर म्हणते, “काय चुकलंय काका?” मामा फरशीवर मांडी घालून बसला, पायजमा गुडघ्यावर घेतला आणि मांडीवर वाख वळायला लागला. “दोन्ही पदर एकाच अंगानं पिळायचे, आन मग एकमेकावर उलट्या अंगानं. एक सुटाया बघतो तवा दुसरा आवळतो.” तिने वळतानाही तोच पीळ दिला होता, म्हणून टोकं पिंजारत होती. मग मामाचं चऱ्हाट सुरू झालं, पानं दहा-बारा दिवस पाण्यात कुजवायची, बडवायची, धुवायची, आणि त्या दिवसांत आजोबांना आजी अंगणातच ताट वाढायची, वासापायी.

मुलीने मोबाईलवर शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची ‘यक्षी’ दाखवली, १९८४ ची, रंगवलेल्या हेम्पच्या दोराची. त्या १९४९ साली मुंबईतच जन्मल्या, शिकल्या बडोद्याला, आणि आधी स्केच वगैरे न काढता गाठ मारत मारत माणसाएवढ्या मूर्ती उभ्या करायच्या. ही कला की हस्तकला यावर लोक वाद घालत बसले, आणि २०१९ मधे न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मामाने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. “माग न्हाई? नुस्त्या हातानं? बाई दमदार व्हती.”

निघताना मुलीने त्याला मूठभर वाख दिला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्याने तो वळला आणि माझ्या सॅकचा पट्टा बांधायला घेतला. ऐरोली गेल्यावर शेवटची गाठ आवळताना, वर न बघता म्हणाला, “तवा मागं कशाला सरकलास रं?”

मी म्हटलं, एसी अंगावर येत होता.