नटच्या खाचा, तीन कानशी आणि मुंबईत बसलेलं पार्सल

गिटारच्या डोक्याजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात ती पट्टी म्हणजे नट; माझी हाडाची आहे. या नटला खाचा पाडायच्या कानशी मला सोलापुरात कुठे मिळाल्या नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती त्रिकोणी. तिने पाडलेली खाच तळाशी निमुळती होते आणि तार तिच्यात चिमटते. चावी फिरवा, तार जागची हलत नाही; मग ‘टिंग’ करून एकदम सुटते आणि स्वर पुढे निघून गेलेला असतो. खाचेचा तळ गोल हवा आणि रुंदी तारेपेक्षा किंचित जास्त, म्हणजे इंचाचे दोन ते चार हजारांश. त्यासाठी पातळ पात्याच्या, फक्त गोल कडेला दात असलेल्या वेगळ्या कानशी येतात. अमेरिकेतल्या स्ट्यूमॅककडे दोन कडांना दोन मापं असलेल्या मिळतात, जपानी होस्कोच्या एकेका मापाच्या.

सहाच्या सहा घेऊ नका. माझ्या अकूस्टिकवर बाराचा सेट आहे, म्हणजे पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत जाडी ०.०१२, ०.०१६, ०.०२४, ०.०३२, ०.०४२ आणि ०.०५३ इंच. मी पहिल्या तीन तारांपुरत्या जपानी कानशी मागवल्या. जाड तारांचं काय केलं ते पुढे सांगतो, कारण आधी मला त्या कुरिअरबद्दल बोलायचंय.

पार्सल मुंबईला आलं आणि तिथेच बसलं. मेसेज आला, ‘केवायसी अपूर्ण’. आधार टाकलं, पॅन टाकलं. उत्तर : नाव जुळत नाही. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, पॅनवर मध्ये वडिलांचं नाव. अख्ख्या महाराष्ट्रात माणसाचं नाव असंच लिहितात, पण त्या पोर्टलला वडील चालत नव्हते. फोन लावला की पलीकडून गोड आवाजात, ‘सर, तुमची तक्रार पुढे पाठवली आहे, २४ ते ४८ तासांत अपडेट मिळेल.’ पुन्हा फोन केला तर आवाज दुसरा, वाक्य तेच. ऑफिस कुठे आहे विचारलं तर ‘ती माहिती आमच्याकडे नसते सर.’ मग नवाच प्रश्न आला : या वस्तूचा उपयोग काय? पावतीवर विक्रेत्याने गिटारचा उल्लेख केला होता, त्यामुळे हे वाद्याचा भाग की हत्यार, यावर कुणाचं तरी अडलं होतं. मी रात्री बसून शोधलं. आयात-निर्यातीच्या सांकेतिक यादीत हातकानशी ८२०३ खाली येतात, वाद्यांचे सुटे भाग ९२०९ खाली. तसं सरळ मेलमध्ये लिहिलं : हाताने वापरायचं साधन, ८२०३, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत पॅनवरचा आणि पार्सलवरचा माणूस एकच असल्याचं सहीचं पत्र जोडलं. तेव्हा कुठे पार्सल हललं. शुल्क भरायला माझी ना नव्हती; पण वर कुरिअरने स्वतःचा हाताळणी खर्च लावला तो अजून डोक्यात आहे. मागवणार असाल तर ऑर्डर करतानाच पॅनवर आहे तसंच पूर्ण नाव टाका, आणि पावतीवर ‘हातकानस’ असं स्पष्ट लिहून द्यायला विक्रेत्याला सांगा.

मित्र रोज विचारायचा, ‘काय बे, आली का तुझी कानस?’ वैतागून मी मेकॅनिक चौकात गेलो आणि वेल्डिंगच्या सामानात टिप क्लीनरचं पुडकं घेतलं. गॅस कटिंगच्या नोझलची भोकं साफ करायच्या या दातेरी गोल काड्या. चौथ्या, पाचव्या, सहाव्या तारेच्या खाचा मी याच काड्यांनी पाडल्या, छान झाल्या. हळू कापतात आणि वाकतात, म्हणून काडी दोन्ही टोकांना धरायची. पहिल्या तारेसाठी मात्र उपयोग नाही. माझ्या पुडक्यातली सगळ्यात बारीक काडीसुद्धा तिच्यापेक्षा जाड होती.

फिलर गेजही तिथूनच घेतलं, म्हणजे इंजिनच्या टॅपेटची फट मोजायच्या बारीक स्टील पानांचा जुडगा. ‘गिटारलाबी टॅपेट असतंय का ओ?’ दुकानदार हसला. असतंय म्हटलं! पहिल्या दोन फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, छोटी स्टीलपट्टी ठेवायची, तिच्याखाली फिलरची पानं सरकवून फ्रेटची उंची काढायची. तेवढी पानं, वर एखादं बारीक पान जादा, नटला चिकटवून फ्रेटबोर्डवर ठेवायची. कानस स्टीलला टेकायच्या बेतात आली की हात थांबवायचा. शेवटचे दोन-चार घास तार चढवून, तपासत.

तपासायचं असं : तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर टिचकी मारा. अगदी बारीक ‘टिक’ ऐकू आली पाहिजे. फट ठळक दिसत असेल तर खाच अजून उंच आहे. एफ कॉर्डला बोटं दुखतात आणि पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात, ते यामुळेच. फट अजिबात नसेल तर मोकळी तार झणझणणार. तेव्हा हाडाची पूड खाचेत भरून वर फेविक्विकचा थेंब, आणि पुन्हा कानस.

या सगळ्याच्या आधी ट्रस रॉड बघा, म्हणजे नेकच्या आतली सळई, जिने नेकचा बाक कमी-जास्त करता येतो. नेक सरळ केल्याशिवाय नटला हात लावायचा नाही.

खाचेला उतार हवा, तोही डोक्याकडे, चाव्यांच्या दिशेने. तार नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. मागे टेकली की सतारीसारखी झंकारते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती मुद्दाम, कौशल्याने. गिटारवर ती नको असते. जाड तारा अर्ध्या खाचेत, अर्ध्या वर असू द्या. काम संपलं की खाचेत मऊ पेन्सिल फिरवा, तार सरकते. आणि हाड घासताना तोंडाला रुमाल बांधा, वास दाताच्या दवाखान्यासारखा येतो आणि पूड नाकात जाते.

आता क्लासमधली पोरं कानशी मागायला येतात. कानशी मी उसन्या देत नाही. गिटार घेऊन घरी यायचं, तारा आपापल्या आणायच्या.