तुम्ही विचारलंत म्हणून : प्रशालेचा निकाल कमी का लागतो?

दहावीचा निकाल लागला की नातेवाईक, पालक, कधी गावातले पदाधिकारीही मला एकच प्रश्न विचारतात : तालुक्याच्या खासगी शाळेचा निकाल शंभर टक्के आणि जिल्हा परिषदेच्या प्रशालेचा त्याहून कमी, असे का? मी बीड जिल्ह्यातील अशाच एका प्रशालेत गणित शिकवतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे शिक्षकाचे कामच आहे, म्हणून ते एकदा सविस्तर लिहितो आहे.

महाराष्ट्राच्या इतर भागांत माध्यमिक शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांवर उभे आहे. मराठवाड्यात मात्र निजामाच्या राजवटीपासून चालत आलेल्या सरकारी शाळा होत्या, आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांपैकी अनेक त्यांच्याकडे आल्या. या प्रशालांमध्ये प्रवेशासाठी चाचणी नसते, देणगी नसते, पालकांची मुलाखत नसते. दाखला घेऊन जो येईल तो आमचा विद्यार्थी. ज्यांची ऐपत आहे ते पाचवीलाच मुलाला सेमी इंग्रजीच्या किंवा निवासी शाळेत घालतात. आमच्या परिसरातील प्राथमिक शाळांचे गुरुजी सुट्टीतही बसवून ज्या हुशार मुलांची नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात, ती मुले सहावीत नवोदयला जातात आणि दहावीला त्यांचे गुण तिथल्या निकालात धरले जातात. याचे मला दुःख नाही, उलट अभिमान आहे. पण आठवीच्या वर्गात माझ्यासमोर जो पट बसतो तो या सगळ्या निवडींनंतर उरलेला असतो : ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले, आणि त्यांतली कितीतरी घरातून माध्यमिक शाळेत आलेली पहिलीच.

यू-डायसच्या, म्हणजे सरकार दरवर्षी शाळांकडून भरून घेते त्या माहितीत आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व, आधार क्रमांक असे सगळे भरतो. निकालाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे ते मात्र नोव्हेंबरच्या हजेरीपटावर दिसते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड जोडपी दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. दहावीची परीक्षा नेमकी त्याच हंगामाच्या शेवटी येते. मागे राहिलेली मुले आजीजवळ असतात. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या महिन्यांत दोन धाकट्या भावांचा स्वयंपाक करून, आजीचे पाणी भरून, पहिला तास निम्मा झाल्यावर वर्गात यायची आणि बाकावर बसताच शेजारणीच्या वहीतून राहिलेले गणित उतरवून घ्यायची. तिला 52 टक्के मिळाले. गावात त्या गुणांचा कुणी पेढा वाटला नाही, पण माझ्या मते त्या वर्षीच्या वर्गातले ते सर्वांत कष्टाचे गुण होते.

नववीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, नापास न करण्याचे धोरणही आठवीपर्यंतच होते. म्हणजे मूल सर्वांत गरजू आणि अभ्यास सर्वांत अवघड होतो, नेमका त्याच वर्षी आधार काढून घेतला जातो, आणि भागाकार कच्चा राहिलेला विद्यार्थी बीजगणितासमोर येऊन उभा राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की त्याच्या हाती कोयता येऊ शकतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जात असल्याने मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाईही होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर बीडमध्ये 43.7 टक्के होते. मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, त्याने येण्या-जाण्याची सोय होते. पण घरच्यांनी ठरवलेले लग्न पासाने थांबत नाही.

म्हणून निकालाची टक्केवारी वाचताना ती किती जणांवर काढली आहे हे आधी पाहावे, अशी माझी विनंती असते. टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर निघते. नववीत कच्च्या मुलाला नापास करून थांबवले, किंवा पालकांना बोलावून ‘याला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावा’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसवा, असे सुचवले, तर ते मूल शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांत मोजले जात नाही आणि शाळेचा निकाल उंचावतो. असे करणाऱ्या शाळा आहेत, आणि त्यांनी नाकारलेली मुले आमच्या दारात आलेली मी पाहिली आहेत.

नियम बदलला की आकडा किती हलतो हे 2019 मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेने द्यायचे, गुण काढलेले होते. राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. एका वर्षात राज्यातल्या मुलांची बुद्धी वाढली किंवा शिक्षक सुधारले असे कुणी म्हणणार नाही.

यातून शिक्षकांची जबाबदारी संपते असे मला मुळीच म्हणायचे नाही. गणित किंवा इंग्रजीचे पद रिक्त राहिले तर त्याचा फटका थेट मुलांना बसतो, आणि पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवताना, आणखी पद जाते, हे दुष्टचक्र आमच्या ओळखीचे आहे. त्याविषयी तुम्ही जिल्हा परिषदेला जाब विचारलाच पाहिजे. मात्र प्रशालेला विचारताना प्रश्न असा असावा : आठवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीच्या परीक्षेला बसले, आणि जे बसले नाहीत ते कुठे गेले? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर झाली आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींची नावे अशा वसतिगृहासाठी टोळ्या निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरमध्येच, पाठवावी लागतात. त्यासाठी पालकांना शाळेपर्यंत घेऊन येण्याचे काम गावातल्या कुणीतरी अंगावर घेतले, तर यंदाच्या नोव्हेंबरचा हजेरीपट वेगळा दिसेल.