खार आणि ताण: मालदांडी, टोमॅटो, घोळ यांच्या कुंड्यांची नोंद

मालदांडी (ज्वारीची जात), टोमॅटो आणि घोळ (पालेभाजी), ही तिन्ही पिकं आता मिठाच्या आणि ताणाच्या पूर्ण मात्रेवर आली आहेत. खाराच्या (मिठाचं पाणी) आणि ताणाच्या (कमी पाणी) कुंड्या वेगळ्याच ठेवल्यात. एकाच कुंडीत दोन्ही केलं की पान पाण्यावाचून सुकलं की सोडियमनं करपलं, ते कळत नाही.

भरण: 10 इंची कुंडी, दोन भाग धुतलेली रेती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. काळी माती टाळली. वाळली की कडेनं भेगाळते आणि पाणी मुळांना न शिवता सरळ तळाला जातं. कोकोपीटात मूळचंच मीठ असतं, म्हणून निथळ्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप, डेसिसिमेन्स प्रति मीटरमध्ये) 1 च्या खाली येईस्तोवर धुवायचं. बोअरचं पाणी बाद. त्यातल्या बायकार्बोनेटनं सामू (पीएच) चढतो, लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि दोष विनाकारण खारावर जातो. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी बरं.

मीठ लिटरला 1.5 ग्रॅमपासून, दर तिसऱ्या दिवशी तेवढंच वाढवत. ज्वारी आणि घोळ 6 ग्रॅमपर्यंत (ईसी सुमारे 10), टोमॅटो 3 वर थांबवला. एकदम 6 दिलं तर रोप मान टाकतं. त्यातून सहनशक्ती कळत नाही, नुसता झटका कळतो. दर पाण्याला पाचवा हिस्सा तळातून निथळलाच पाहिजे. कुंडीखाली बशी ठेवली की निथळलेलं मीठ परत वर चढतं.

खाराचा मार दोन टप्प्यांत दिसतो. आधी नव्या पानांची वाढ मंदावते, कारण मुळांना पाणी ओढणं जड जातं. जुन्या पानांच्या कडा नंतर करपतात, सोडियम-क्लोराइड साचल्यावर. टोमॅटोत हा क्रम स्वच्छ दिसतो. ज्वारी सोडियम बराचसा मुळाकडेच अडवते, म्हणून तिची पात उशिरा करपते.

ताणाच्या कुंड्या रोज संध्याकाळी वजन करून 40 टक्के ओलीवर (कुंडी धरू शकते त्या पाण्याच्या 40 टक्के) आणायच्या. इथली चूक ठरलेली: रोप वाढतं, त्याचं वजन पाण्यात धरलं जातं आणि कुंडी ठरवल्यापेक्षा कोरडी पडते. दर आठवड्याला एक जादा रोप उपटून तोला, तेवढं कुंडीचं ठरवलेलं वजन वाढवा. मालदांडीची पात दुपारी वळली तर घाबरू नका. पहाटेही वळलेलीच असेल, तरच ताण खरा.

पानातली ओल: पानाच्या ताज्या चकत्या तोला, चार तास डिस्टिल्ड पाण्यावर तरंगवा, टिपून तोला, वाळवून तोला. ताजं 0.84, फुगलेलं 1.02, वाळलेलं 0.12 ग्रॅम असेल, तर ताजं वजा वाळलेलं 0.72, भागिले फुगलेलं वजा वाळलेलं 0.90, म्हणजे 80 टक्के. चकत्या नीट टिपल्या नाहीत तर आकडा खोटाच कमी येतो.

खरी गंमत घोळीत. ताण पडला की ती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्ल साठवते, दिवसा वापरते. पहाटे आणि सूर्यास्ताला पानं चेचून रसाचा सामू घ्या. ताणलेल्या रोपाचा पहाटेचा रस जास्त आंबट येतो. सामू मोजायची पट्टी 0.5 च्या टप्प्याची घ्या, 1 च्या टप्प्यावर हा फरक निसटू शकतो.