१.३ वरून २.० वर: एसक्यूएलअल्केमीचं भिजत घोंगडं

एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्स फाइल (कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन हवं त्याची यादी) उघडली आणि त्यात ‘एसक्यूएलअल्केमी, १.४ च्या खालची’ (एसक्यूएलअल्केमी म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) असं लिहिलेलं दिसलं की काय झालं असेल ते लगेच कळतं. कोणीतरी कधीतरी अपग्रेड करायला गेलं, टेस्ट फुटल्या, रिलीज तोंडावर होता, म्हणून पिन मारली, म्हणजे व्हर्जन तिथेच अडकवलं, आणि ‘नंतर बघू’ म्हणून सोडून दिलं. मी ज्या प्रोजेक्टला वेळ देतो तिथेही हेच होतं. फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवरचं छोटं अ‍ॅप, संस्थांच्या सामानसाठ्याच्या नोंदी ठेवणारं, चार-दोन लोक सांभाळतात, आणि ती पिन कोणी मारली हे विचारत बसण्यात काही अर्थ नव्हता कारण तेव्हा ती मारणंच बरोबर होतं. पण १.३ ला आता फिक्स येत नाहीत, आणि आजूबाजूचं सगळं पुढे गेलंय. डेटा हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीने २.२ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, किमान एसक्यूएलअल्केमी २.० हवी असं ठरवून टाकलं, या दोन्ही जोडणाऱ्या फ्लास्क-एसक्यूएलअल्केमीच्या ३.१ चंही तेच. एक जुनी लायब्ररी धरून बसलं की तिच्यापायी बाकीच्या दहा लायब्ऱ्या जुन्याच ठेवाव्या लागतात, आणि मग सिक्युरिटी फिक्स आला तरी घेता येत नाही.

तर हे अपग्रेड आम्ही केलं, आणि ते कसं करावं याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, कारण अजूनही पुष्कळ मराठी पोरं ‘पिप इन्स्टॉल अपग्रेड’ मारतात, लाल एररचा पूर बघतात आणि परत फिरतात.

पहिली गोष्ट, १.३ वरून सरळ २.० वर उडी मारू नका. एसक्यूएलअल्केमी २००६ पासून आहे, माइक बेयर यांनी सुरू केली, आणि इतक्या जुन्या लायब्ररीत एवढे मोठे बदल करायचे म्हटल्यावर त्या लोकांनी मध्ये एक पूर्ण व्हर्जन पूल म्हणून बांधलं. ते म्हणजे १.४, मार्च २०२१ मधलं. यात जुनी पद्धतही चालते आणि नवीही. २.० आलं जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षं त्यांनी जगाला तयारीला दिली. फुकट काम करणाऱ्या लोकांनी वापरणाऱ्यांचा इतका विचार करावा याचं मला फार कौतुक वाटतं, आणि तो पूल न वापरता नदीत उडी मारायची म्हणजे त्यांच्या मेहनतीवर पाणी.

१.४ वर आल्यावर एक गंमत आधी माहीत असलेली बरी. २.० मध्ये काय काय मोडणार त्याच्या वॉर्निंग त्यात आहेत पण त्या मुळात बंद असतात. ‘एसक्यूएलअल्केमी अंडरस्कोर वॉर्न अंडरस्कोर २०’ (अर्थात सगळं कॅपिटलमध्ये) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की त्या दिसायला लागतात. १.४.४६ मध्ये त्यांनी एक मोठी वॉर्निंग टाकली जी फक्त एकदा छापली जाते, पण तुमच्या कोडमध्ये नक्की कुठे काय आहे ते बघायचं तर तो व्हेरिएबल लागतोच. आम्ही तो सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) टाकला आणि पायटेस्टला (टेस्ट चालवणारं टूल) सांगितलं की ही वॉर्निंग आली की टेस्ट फेलच धर. मग एकेक फाइल घेऊन साफ करत गेलो. हे काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही, नवीन येणाऱ्या कॉन्ट्रिब्युटरला द्यायला तर एकदम उत्तम, कारण प्रत्येक पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदलाचा प्रस्ताव) छोटा राहतो आणि तो बरोबर आहे की नाही हे टेस्टच सांगते.

बरेचसे बदल आरडाओरडा करून येतात, त्यांची भीती नाही. सिलेक्टला कॉलम्सची लिस्ट देत होतो, आता चौकोनी कंस काढून सरळ द्यायचे. साधी एसक्यूएल स्ट्रिंग एक्झिक्यूटला देता येत नाही, ती ‘टेक्स्ट’मध्ये गुंडाळायची. इंजिनवरचं (म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं देणाऱ्या ऑब्जेक्टवरचं) ‘एक्झिक्यूट’ गेलंच, आधी कनेक्शन घ्यायचं. टेबलांची नावं इंजिनला विचारायची सोय गेली, त्यासाठी ‘इन्स्पेक्ट’. डेटाबेसचा पत्ता ‘पोस्टग्रेस’ने सुरू होत असेल तर १.४ लाच गाडं अडतं, ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ असं पूर्ण लिहावं लागतं, आणि काही होस्टिंगवाले पत्ता जुन्या पद्धतीनेच देतात त्यामुळे कोडमध्ये तो बदलून घ्यावा लागतो.

खरं लक्ष द्यायचंय ते गप्प बसून मोडणाऱ्या गोष्टींकडे.

सगळ्यात मोठी ऑटोकमिट, म्हणजे बदल आपोआप कायमचा जतन (कमिट) होणं. १.x मध्ये कनेक्शन घेऊन इन्सर्ट चालवला की लायब्ररी स्वतःहून कमिट करायची. कशी? तुम्ही दिलेल्या स्ट्रिंगची सुरुवात एका रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे शब्दांच्या साच्याने, तपासायची, इन्सर्ट, अपडेट, डिलीट, क्रिएट, ड्रॉप, ऑल्टर असलं काही दिसलं की कमिट. सिलेक्ट करून एखादा स्टोअर्ड फंक्शन बोलावला आणि त्याने आत टेबल बदललं तर ते तिला कळायचं नाही. अशा अंदाजावर लोकांचा डेटा अवलंबून ठेवणं योग्य नाही म्हणून २.० मध्ये ते काढून टाकलं, आणि माझ्या मते हा पूर्ण बदलातला सगळ्यात चांगला निर्णय आहे. पण जुना कोड तसाच ठेवला तर काय होतं बघा. ‘विथ’ लावून कनेक्शन उघडलं, इन्सर्ट चालवला, ब्लॉक संपला. एरर नाही, एक्सेप्शन नाही. लॉग चालू करून बघितलं, म्हणजे इंजिनला ‘एको’ लावून, तर साधारण असं दिसतं: वर ‘बिगिन, इम्प्लिसिट’, मध्ये आपला इन्सर्ट, आणि खाली ‘रोलबॅक’. झालं! नोंद लिहिली गेली आणि तितक्याच शांतपणे पुसली गेली. आणि त्याच ब्लॉकमध्ये लगेच वाचून बघणारी टेस्ट असेल तर ती पास होते, कारण त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती नोंद दिसतेच ना. म्हणून लिहिणाऱ्या प्रत्येक फंक्शनची टेस्ट अशी हवी की ते कनेक्शन पूर्ण बंद होऊ दे, मग दुसरं कनेक्शन उघड, आणि तिथून वाच. आणि मेमरीतल्या एसक्यूलाइटवर भागवू नका, जो डेटाबेस खरोखर वापरता त्यावरच टेस्ट चालवा. कोडमध्ये उपाय दोन, एकतर शेवटी कमिट लिहा किंवा ‘कनेक्ट’ऐवजी ‘बिगिन’ वापरा. मला दुसरं जास्त आवडतं, नीट संपलं तर कमिट, मध्ये फाटलं तर रोलबॅक, आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की इथे काहीतरी लिहिलं जाणार आहे.

दुसरी गप्प बसणारी गोष्ट म्हणजे रो, क्वेरीतून परत येणारी एकेक ओळ. आधी रो थोडीशी डिक्शनरीसारखी वागायची, आता ती नेम्ड टपल (नावं असलेली किमतींची क्रमवार यादी) आहे. चौकोनी कंसात कॉलमचं नाव दिलं तर एरर येते, ठीक आहे, कळतं तरी. पण ‘हे नाव रोमध्ये आहे का’ असं ‘इन’ लावून विचारलं तर आधी कॉलमची नावं तपासली जायची, आता आतल्या किमती तपासल्या जातात. एरर येत नाही, उत्तर फक्त ‘नाही’ येतं आणि कोड दुसऱ्या वाटेने निघून जातो. अशा ठिकाणी ‘अंडरस्कोर मॅपिंग’ वापरायचं. ही सगळी ठिकाणं आम्ही ग्रेप मारून (फाइलींत शब्द शोधून) हाताने तपासली, दुसरा मार्ग मला तरी दिसला नाही.

आणि जुन्या मायग्रेशन फाइल्स, म्हणजे डेटाबेसची रचना पायरीपायरीने बदलणाऱ्या स्क्रिप्ट! याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अलेंबिक या मायग्रेशनच्या टूलच्या जुन्या स्क्रिप्टमध्येही लिस्टवाला सिलेक्ट आणि उघड्या स्ट्रिंगा असतात. ज्यांच्याकडे अ‍ॅप आधीच चालू आहे त्यांना काही फरक पडत नाही, त्यांच्या मायग्रेशन कधीच होऊन गेल्यात, पण नवीन माणूस कोरा डेटाबेस घेऊन पहिल्यापासून चालवायला गेला की पहिल्या पायरीलाच आपटतो. एकदा गेलेल्या मायग्रेशनला हात लावायचा नाही हा नियम मीही पाळतो, पण इथे फक्त बोलावण्याची पद्धत बदलते, डेटाबेसला जाणारं एसक्यूएल तेच राहतं, त्यामुळे बदलणं योग्य. सीआयमध्ये कोऱ्या पोस्टग्रेएसक्यूएलवर सगळ्या मायग्रेशन पहिल्यापासून चालवणारं एक वेगळं काम लावलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक सांगतो, याच पीआरमध्ये जुन्या पद्धतीच्या सगळ्या ‘सेशन.क्वेरी’ काढून नवीन ‘सिलेक्ट’ पद्धत आणायचा मोह होतो, तो आवरा. क्वेरी २.० मध्येही चालते, तिला लेगसी म्हणतात इतकंच. टाइप अ‍ॅनोटेशनवाली नवी ‘मॅप्ड’ पद्धत (टेबलांचे क्लास लिहायची) सुंदर आहे, एडिटर किती छान सुचवतो ते बघून मी खूश झालो, पण तो वेगळा पीआर, वेगळ्या दिवशी. अपग्रेडच्या पीआरमध्ये दुसरं काही घुसवलं की रिव्ह्यू करणारा बिचारा कुठला बदल कशासाठी केला हेच शोधत बसतो, आणि असे पीआर मग महिनोन्‌महिने लोंबकळतात.

शेवटी व्हर्जनची रेंज. आम्ही किमान १.४ ठेवलंय आणि वर २.१ च्या खाली. कारण डेबियन १२ या लिनक्समध्ये १.४ च येते आणि आमच्याकडचे काही लोक पॅकेज तिथूनच घेतात, आणि २.० पद्धतीने लिहिलेला कोड (ती नवी ‘मॅप्ड’ पद्धत सोडून) १.४ वर ‘फ्यूचर’ हा पर्याय लावला की तसाच चालतो. सीआयमध्ये दोन्ही व्हर्जनवर टेस्ट पळतात, थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे. कामांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या एअरफ्लोच्या २ च्या मालिकेसारखा मोठा प्रोजेक्टही १.४ वर थांबलेला होता, त्यामुळे तुमचं घोंगडं अजून भिजत असेल तर लाजायचं कारण नाही, १.४ लावा, तो व्हेरिएबल १ करा आणि पहिली वॉर्निंग कुठल्या फाइलची येते ते बघा. अडलात तर खाली कमेंटमध्ये ट्रेसबॅक (एररचा सगळा मजकूर) टाका, मी नक्की बघेन.