उकडीचा हात आणि साकुरा मोची

तोक्योत निशिकासाईला राहायला आल्यापासून दर फेब्रुवारीत तेच. सुपरमार्केटात साकुरा मोचीचे, म्हणजे चेरीच्या पानात गुंडाळलेल्या जपानी गोड गोळ्यांचे, गुलाबी डबे दिसले की लेक हट्ट धरते आणि आम्ही विकत आणतो. यंदा ३ मार्चच्या हिनामात्सुरीला, म्हणजे मुलींच्या सणाला, घरीच करायचं ठरवलं. तांदळाची पारी, आत गोड सारण, वर पान. दर गणपतीत २१ मोदक करणारी मी, मला काय अवघड!

तोक्योची खास साकुरा मोची मैद्याच्या पातळ धिरड्यात गुंडाळलेली असते. मला हवी होती ओसाकाकडची, दाणेदार. तिला ‘दोम्योजी’ लागतं : चिकट तांदूळ वाफवून, वाळवून, भरडलेला. पिशवी उघडली तर आत हुबेहूब इडलीरवा.

सारणाची मला धास्ती नव्हती. २०० ग्रॅम अझुकी, म्हणजे आपल्या लाल चवळीची धाकटी बहीण म्हणा. पहिल्या उकळीचं पाणी फेकून द्यायचं, नाहीतर तुरट लागते. मग कुकर, आणि कोल्हापूरहून बॅगेत घालून आणलेलं पुरणयंत्र. साखर मात्र दाणे पुरते शिजल्यावरच. आधी घातली तर ते ताठच राहतात. उलथनं उभं राहिलं की गॅस बंद, ही आईची खूण इथेही चालली. वेलदोड्याची डबी हातात घेतली होती, मोठ्या कष्टाने परत ठेवली.

घोळ झाला तो पारीत. १५० ग्रॅम दोम्योजीत कपभर गरम पाणी, थोडी साखर आणि लाल रंग. रंग टूथपिकच्या टोकाएवढा लागतो. मी मोदकाच्या केशराच्या हिशेबाने चिमूटभर घातला आणि भांड्यात गुलाल उधळल्यासारखं झालं. मायक्रोवेव्हमधून काढून दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि मग सवयीने परातीत घेऊन मळलं. उकडीसारखं, तळहाताच्या टाचेने, चांगलं रगडून. दाणे मोडले, सगळ्याची खळ झाली. व्हिडिओ कॉलवर आई बघत होती. “अगं, तेलाचा हात लाव की!” लावला. चिकटणं थांबलं खरं, पण पारीच्या कडाच मिटेनात, सारण बाहेर डोकावायला लागलं. ती खेप आम्ही वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना विचारलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून नळाखाली नेले आणि ओल्या बोटांनी नुसतं गोळा उचलून दाखवला. तेल नाही, मळणं नाही. लाकडी उलथन्याने चार वेळा वरखाली करायचं, बस्स. पाण्याचा हात, तळव्यावर गोळा चपटा करायचा, मध्ये सुपारीएवढं सारण, कडा वर ओढून मिटायच्या आणि ती बाजू खाली. कळ्या नाहीत, नाक नाही. माझी बोटं आपोआप चिमटे काढायला जायची, तेव्हा आजी हसायच्या.

शेवटी पान. खारवलेली चेरीची पानं बाजारात मिळतात; बरीचशी इझु द्वीपकल्पातल्या मात्सुझाकी गावाहून येतात. ताज्या पानाला हा वास नसतो, तो खारवल्यावरच सुटतो. सुकत घातलेल्या गवतासारखा, थोडा बदामाकडे झुकणारा. पहिल्या खेपेला पानं नुसती धुऊन लावली होती, तर लोणच्याची फोड खाल्ल्यासारखं झालं. या वेळी वीस मिनिटं पाण्यात ठेवली, फडक्यावर टिपली आणि शिरांची बाजू बाहेर ठेवून गुंडाळली.

दहा झाल्या. रंग फिका, दाणा न् दाणा दिसत होता. आई फोनवरून म्हणाली, “पान खायचं की पातोळ्यांच्या हळदीच्या पानासारखं काढून टाकायचं?” मला खारट-गोड आवडतं, मी पानासकट खाते. आजींनी अर्धं खाल्लं. लेकीने आपली तिन्ही पानं सोलून माझ्या ताटलीत ठेवली आणि चौथी मोची उचलली.